मधली नावं

कुमुदने ट्रान्झिस्टरचा काटा केसभर पुढे सरकवला आणि शिट्ट्यांच्या गर्दीतून लाहोरचा आवाज वर आला. कमरबीने घाईने दाराला कडी घातली.

"हळू कर गं. गल्लीत ऐकू जातंय."

एकाहत्तरची लढाई थांबली होती. आता रोज दिवेलागणीला लाहोरहून भारतीय कैद्यांची नावं सांगत. कुमुदचा दादा मानसिंग टेहळणीचं विमान घेऊन गेला तो परतलाच नव्हता. तारेत 'बेपत्ता' एवढंच होतं. त्या विमानात बंदूक नसते, नुसता कॅमेरा असतो, हे कळल्यापासून त्याच्या आईने, सोजरबाईंनी, धीर धरला होता. फोटो काढणाऱ्याला कोण कशाला मारंल, असं त्या येईल-जाईल त्याला विचारत. नावं तर कुणालाही कळली असती. पण पुढे भराभर उर्दूत, कैदी जखमी आहे की धड, तेही सांगत. म्हणून मायलेकी ट्रान्झिस्टर चादरीत गुंडाळून समोरच्या, उर्दू कळणाऱ्या कमरबीकडे येत.

नावं सुरू झाली आणि दारावर थाप पडली.

"कमरबी, दुश्मनाचं स्टेशन लावून बसलीस व्हय? उघड, न्हायतर चौकीवर जातो."

शेजारचा रावजी, नुकताच गिरणीतून सुटून आलेला. कमरबीचा नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी होता. तिचा हात बटणाकडे गेला. सोजरबाईंनी तो मधेच धरला, उठल्या आणि स्वतः कडी काढली.

"रेडिओ माझा हाय, रावजी."

रावजी गडबडला. त्याच्या मागे चार माणसं जमली होती.

"मग तुमच्या घरी लावा की, वैनी. हितं कशाला?"

"लावते की. कुमुद, उचल."

शाळेच्या मैदानावर वाऱ्यासारखी सुटणारी कुमुद, पण आता काटा हलू नये म्हणून ती जपून पाऊल टाकत गल्ली ओलांडू लागली. ट्रान्झिस्टर कानाला घट्ट लावलेला. नावामागून नाव येत होतं. माणसं बाजूला झाली. ओट्यावर ट्रान्झिस्टर ठेवून तिने आवाज मुद्दाम मोठा केला. लाहोर गल्लीभर बोलू लागलं. चौकीचं नाव कुणी काढलं नाही.

कमरबी आपल्या उंबऱ्यातच थिजली होती.

"ये की गं," सोजरबाईंनी हाक मारली. "मला त्यातलं काय कळतंय?"

सगळ्यांच्या देखत कमरबी ओट्यावर येऊन बसली. उरलेली नावं तिने मान खाली घालून ऐकली. मग नुसतं संगीत वाजू लागलं.

"ह्यात न्हाई, आक्का. पण मधली नावं मला न्हाई ऐकू आली."

सोजरबाई कुमुदकडे वळल्या. रावजीही बघत होता.

"तुझ्या कानाशी होता की. आपला होता का त्यात?"

कुमुदने बटण फिरवून संगीत बंद केलं. एकूण एक नाव तिच्या कानात स्वच्छ पडलं होतं. दादाचं त्यात नव्हतं.

"नुसती खरखर होती, आई."

"मग त्यातच असंल," सोजरबाई म्हणाल्या, आणि कमरबीसाठी चहा टाकायला आत गेल्या.