दुसऱ्याच्या तोंडातली हवा

नियम: हवा संपली की दिवा आडवा हलवायचा. साथीदाराकडे मागायची.

एवढंच तर होतं. पाण्याखालच्या गुहांत पोहायला शिकवून मास्तरांचे केस पिकले होते. पण सकाळी गुहेत परीक्षक बाईंनी ‘तुमची हवा संपली’ अशी खूण केली आणि मास्तरांचा हात गेला स्वतःच्याच दुसऱ्या टाकीकडे.

वर आल्यावर बाई म्हणाल्या, “मागायची होती, मास्तर.”

“माझ्याकडे होती की.”

“परीक्षेत नव्हती. उद्या पुन्हा बघू. नाही जमलं तर शिकवणं बंद.”

नियम: एकट्याने उतरणाऱ्याने सगळं दुहेरी बाळगावं.

बाळगलं होतं. थोरले भाऊ आणि साथीदार असलेल्या दादांचा खोल पाण्यात कान फुटला, त्यांनी पाण्यात उतरणं सोडलं, तेव्हापासून. टाक्या दोन, सुऱ्या दोन. घराच्या किल्ल्याही दोन, दोन्ही मास्तरांच्याच खिशात. खालच्या मजल्यावर दादा, वर हे. भांडण म्हणावं तर तेही नाही. दादा वर येईनात, मास्तर खाली जाईनात.

नियम: आधी जमिनीवर, डोळे झाकून सराव. दोघांनी.

दाराच्या मुठीपासून टेबलाच्या पायाला, तिथून नळाला त्यांनी गुहेत वाटेसाठी बांधतात तशी दोरी बांधली. मुखवट्याच्या काचेवर चिकटपट्टी लावली. साथीदार म्हणून खुर्चीवर रेनकोट. दोरी बोटांत धरून चाचपडत ते रेनकोटपाशी पोचले. दिवा हलवला.

रेनकोट ढिम्म.

“अहो भावोजी, घरात जाळं लावून मासे धरताय का?”

वहिनी. दोरीत पाय अडकला होता त्यांचा. मास्तरांनी चिकटपट्टी सोलत, अडखळत सगळं सांगितलं.

“मग मागा. मी आहे उभी.”

मास्तरांनी हवेची एक नळी त्यांना तोंडाशी धरायला दिली, दुसरी त्यांच्या गळ्यात अडकवली आणि दिवा हलवला. वहिनींनी गळ्यातली काढून पुढे केली.

“ती नाही. तोंडात धरलेली द्यायची. ती चालू आहे याची खात्री असते.”

“आणि मी?”

“तुम्ही गळ्यातली घ्यायची.”

“म्हणजे खात्रीची दुसऱ्याला नि राखीव आपल्याला. तुमचे दादा अशी द्यायचे का तुम्हाला?”

“मी कधी मागितलीच नाही.”

वहिनींनी नळी खुर्चीवर ठेवली. “कान गेलाय त्यांचा, भावोजी. श्वास नाही गेला.”

त्या गेल्या. मास्तर खोलीत उभे राहिले, रेनकोटाकडे बघत. मग दिवा घेऊन जिना उतरले.

दार उघडंच होतं. दादा खिडकीशी पाठमोरे पेपर वाचत होते. मास्तरांनी हाक मारली. ऐकू गेली नाही. पुन्हा मारायला तोंड उघडलं, मिटलं.

नियम.

दिव्याचा झोत त्यांनी दादांसमोर, खिडकीलगतच्या भिंतीवर धरला आणि आडवा हलवला. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे.

दादांच्या हातातला पेपर खाली पडला. मागे न बघताच त्यांचा हात तोंडाशी गेला, तिथे नसलेलं काहीतरी त्यांनी काढलं, आणि मग वळून, हात लांब करून, समोर धरलं.

मास्तरांनी ते घेतलं.