खिळ्यांचे टायर

साइमीने हातमोजा काढला, आपल्या गाडीपाशी ओणवी झाली आणि टायरच्या कडेवरचा आकडा मोठ्याने वाचला. मग दुकानात शिरून थेट मागच्या मांडणीपाशी गेली आणि तोच आकडा पुन्हा वाचला. बर्फावर पकड घेणाऱ्या खिळ्यांचे चार कोरे टायर तिथे एकावर एक रचलेले होते.

"हे काय मग?"

टायरवाला वेइक्को कान खाजवू लागला. पाचच मिनिटांपूर्वी त्याने सांगितलं होतं की तिच्या गाडीच्या मापाचे टायर संपलेत, नाताळानंतर या. खोटं बोलायची सवय नसलेल्याने या फंदात पडू नये.

"यौनीचा फोन आला होता," तो म्हणाला.

यौनी तिचा मुलगा. औलू शहरात राहतो. आई ब्याऐंशीची झाली, जंगलातल्या घरापासून दुकानं अडतीस किलोमीटर, तेव्हा तिने आता गाडी सोडावी आणि आपल्या शेजारच्या फ्लॅटमध्ये यावं, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. हिवाळी टायर नसले की गाडी उभी राहील, आणि गाडी उभी राहिली की आई हलेल. याच रस्त्यावर एकतीस वर्षं टपालाची गाडी हाकलेल्या बाईला विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

साइमीला वेइक्कोचाच जास्त राग आला. त्याच्या आईची औषधं तिने गुडघाभर बर्फातून घरपोच केली होती, आणि हा तिला टायर संपले म्हणून सांगतो!

वेइक्कोने बिनखिळ्यांचे सुचवून पाहिले. आवाज कमी, शहरात सगळे तेच घेतात. तिने विचारलं, माझ्या घराचा चढ शहरात आहे का? मग त्याने एका हिवाळ्यापुरता वापरलेला संच दाखवला.

"पाच हिवाळे टिकतील असे दे. आणि बसव. मी इथेच बसते."

ती बाकावर बसली आणि कॉफी ओतून घेतली. वेइक्कोने गाडी वर उचलली.

चौथं चाक बसून गाडी खाली येते तोच यौनी आला. आईला न्यायलाच निघाला होता, तिची गाडी इथे दिसली म्हणून थांबला. रस्त्यावर नुसता बर्फ आहे, किल्ली दे, माझ्या गाडीतून जाऊ, असं तो समजुतीने म्हणाला.

साइमीने पाकिटातून दोन युरोचं नाणं काढलं, बाहेर गेली आणि त्याच्या गाडीच्या पुढच्या टायरच्या खाचेत उभं खोचलं. टायर झिजलेला नसेल तर नाण्याची चंदेरी कड रबरात बुडायला हवी, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कड चांगलीच वर राहिली. गाडीला धरत धरत ती चारही चाकांपाशी वाकली. चारही तसलीच.

"मी यात बसणार नाही," ती म्हणाली. "आणि तूही बसायचं नाहीस."

"आई, साडेतीनशे किलोमीटर आलोच ना यावरून?"

"विचारलं असतंस तर येऊ दिलं नसतं."

यौनीने आशेने वेइक्कोकडे पाहिलं. वेइक्कोने स्वतः नाणं खोचून बघितलं आणि सांगितलं की टायर आहेत, पण रांग मोठी आहे. सोमवारी होईल.

एव्हाना साइमी स्वतःच्या गाडीत बसली होती. नवे खिळे आहेत, पहिले पाचशे किलोमीटर जपून चालवा, असं वेइक्कोने खिडकीतून सांगितलं. तिला ते ठाऊक होतं, तरी तिने मान डोलावली.

यौनीने आपल्या गाडीची किल्ली वेइक्कोच्या हातावर ठेवली. मग त्याने आईच्या गाडीचं पलीकडचं दार उघडलं. सीटवर आईची पर्स होती. ती उचलून मांडीवर घेत तो आत बसला.