जाऊबाईंचा रस्ता

लग्न होऊन या घरात आले, तेव्हा उंबऱ्यावरून रस्त्यावर उतरावं लागायचं. आता रस्त्यावरून घरात उतरावं लागतं. घर खचलेलं नाही. ते सासऱ्यांनी बांधलंय, खचायची त्याची टाप नाही. रस्ता वर आला.

तो वर आणला शेजारच्या घरात राहणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाईंनी. त्यांच्या फाटकापाशी डबकं साचलं, की त्या नगरपालिकेत ठाण मांडून बसायच्या. मग जुना थर न खरवडताच त्यावर नवं डांबर पडायचं आणि त्यांचं डबकं आमच्या दारात यायचं. मी पुसत राहायचे. तरी दिवस गोडीचे होते. दोघींच्या गच्च्यांमध्ये कपड्यांची एकच दोरी होती. त्यांच्या साड्या, माझी दुपटी.

माझी नात दातांची डॉक्टर झाली. वर मजला चढवायचा, खाली तिचा दवाखाना, वर आम्ही दोघी, असं ठरलं. नाहीतर ती दुसऱ्या गावी जाणार होती. नकाशा मंजूर झाला, खांब उभे राहिले आणि जाऊबाईंनी कोर्टात अपील केलं. त्यांच्या गच्चीवरचं ऊन जाणार होतं. काम थांबलं, गज गंजले.

नियम सोपा होता: इमारतीची उंची समोरच्या रस्त्यापासून मोजायची. तशी मोजली तर आम्ही मर्यादेत बसत होतो, जोत्यापासून मोजली तर नाही. त्यांचे वकील म्हणाले, जोत्यापासूनच मोजा, कारण रस्ता मुद्दाम उंच करवून घेतलाय.

नातीनं माझा हात घट्ट धरला. मी तिला म्हटलं, "थांब. तुझ्या मोठ्या आजीला मी तुझ्या जन्माआधीपासून ओळखते."

न्यायाधीशांनी विचारलं, कुणी करवून घेतला? वकील उत्तरले, अर्थात मजला बांधणाऱ्यांनीच, म्हणजे या बाईंनी.

मागच्या बाकावरून जाऊबाई उठल्या.

"हिनं? काय बोलताय वकीलसाहेब! ही कधी नगरपालिकेची पायरी तरी चढली का? त्या गल्लीत डांबराचा एक थेंब माझ्याशिवाय पडलेला नाही. विचारा कुणालाही."

वकिलांनी त्यांना खाली बसवायचा प्रयत्न केला, पण जाऊबाईंना आजवर कुणी बसवलेलं नाही. न्यायाधीश मान खाली घालून लिहीत राहिले. खांदे मात्र हलत होते.

रस्ता आमचा कावा ठरला नाही, तेव्हा नियमच उरला. अपील फेटाळलं गेलं.

स्लॅब पडला त्या दिवशी जाऊबाई फाटकात खुर्ची टाकून बसल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "माझ्यामुळे झालं हे. मी कोर्टात बोलले नसते, तर काही खरं नव्हतं हिचं."

मी मान डोलावली. नातीनं दोरीसाठी नव्या गच्चीच्या कठड्याला कडी बसवून घेतली. ऊन आता तिथेच जास्त येतं.