पिवळ्या चिंध्या

आमच्या घरात ‘शिळं’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. काल केलेलं काहीही सकाळी समोर आलं की सासूबाई नाक मुरडतात आणि नवरा ताटली अशी बाजूला सारतो, जणू तिच्यात पाल पडलीय. बरं, हे ताजं, गरम, हातात आणून दिलेलं खाणं करायचं कुणी, हा प्रश्न आमच्याकडे कधी निघतच नाही. निघाला तो मी काढला म्हणून.

मी तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला आहे. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक पसरायचे, वर मापांच्या आखणीचा कागद ठेवायचा आणि मशीन एकदाच फिरवायचं. एका फेरीत ढीगभर शर्टांच्या बाह्या निघतात. रोज सकाळी एकेक शर्ट कापत बसलो असतो तर कारखान्याला केव्हाच टाळं लागलं असतं. आमचे म्हातारे मास्तर निवृत्त होणार होते आणि जाता जाता त्यांनी मॅनेजरबाईंना सांगितलं, टेबल हिच्याकडे द्या. टेबल आपल्याकडे असणं म्हणजे कुठलं कापड कसं लावायचं, कोण काय कापणार, हे सगळं आपण ठरवायचं. आमच्याकडे आजवर एकाही बाईला टेबल मिळालं नव्हतं. मला ते हवं होतं. आढेवेढे कशाला घेऊ, मला ते फार हवं होतं.

अडचण एवढीच की टेबल पहिल्या पाळीला उघडतं, आणि पहिली पाळी सुरू होते तेव्हा आमचं घर घोरत असतं.

“चांगलंय की,” मी सांगितल्यावर नवरा म्हणाला. मग त्याला काहीतरी आठवलं. “पण सकाळचं काय?”

“सकाळचं काय म्हणजे?”

“म्हणजे खाणं. पोरं शाळेत जाणार, मी कामावर जाणार. रिकाम्या पोटी?”

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. उंच इमारतींच्या आत, दोरांना लोंबकळणाऱ्या पेटीच्या टपावर उभा राहून हा माणूस काम करतो आणि वर शीळही घालतो. पण घरातल्या गॅसजवळ गेला की त्याचे हातपाय गळतात. त्याला अंडं फोडायला सांगितलं तर वाटीत अंडं कमी आणि टरफल जास्त.

“पोरांच्या पोटात सकाळी गरम पडायला हवं,” सासूबाई म्हणाल्या. “मी सगळा जन्म तेच केलं.”

“मग मी रविवारी सगळ्या आठवड्याचं करून ठेवते. सकाळी ज्याने त्याने गरम करून घ्यायचं.”

“शिळं?” दोघं एकदम म्हणाले. मायलेकांचं एवढं एकमत मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थरावर थर लावून एका दमात काम उरकणारी बाई मी, आणि घरी मात्र रोज चार माणसांसाठी चार वेळा तवा तापवायचा, का, तर तशी पद्धत आहे म्हणून. एकाला कांदा नको, एकाला मिरची हवी, एकाला अंड्यातलं पिवळं कच्चं नको. मी सरळ सांगितलं की मॅनेजरबाईंनी एक आठवडा पहिली पाळी करून बघायला सांगितलीय, या सोमवारपासून नाही, त्याच्या पुढच्या सोमवारपासून. त्याच्यानंतर हो की नाही ते कळवायचं. तेवढा आठवडा माझ्या पद्धतीने खाऊन बघा.

“आणि कुणी उपाशी राहिलं तर?” नवऱ्याने विचारलं.

“तर मी नाही म्हणून सांगेन,” मी रागाच्या भरात बोलून गेले.

मधल्या रविवारी मी तालीम केली. कपकेकचा साचा घेतला, अंडी फेटली, थोडं दूध, मीठ, मिरपूड, वर टोमॅटो आणि पालक चिरून टाकला, आणि ओव्हनमध्ये सरकवलं. काय फुगले होते म्हणून सांगू. मी खुशीत ते गरमागरम डब्यात भरले आणि झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवून दिले. सकाळी डबा उघडला तर कप पाण्यात पोहत होते. नवऱ्याने एक उचलून दाबला, त्यातून पाणी गळलं. “स्पंज आहे,” तो म्हणाला. “भांडी घासायला ठेव.” पोरंही हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण बोलणार काय, होता तो स्पंजच.

कारखान्यात दिवसभर तेच डोक्यात. दुपारी ताग्यांची गाडी आली. बनियनचं कापड होतं, ताणलेलं. असं कापड आलं की आम्ही लगेच कापत नाही. ते उलगडून टेबलावर मोकळं पसरून ठेवतो, त्याचा ताण जाऊ देतो, मगच सुरी लावतो. नाहीतर शिवल्यावर कपडा आटतो आणि सगळा माल परत येतो. कापड पसरता पसरता मला माझी चूक कळली. मी भाजीचं पाणी काढलं नव्हतं आणि कपांना श्वासही घेऊ दिला नव्हता. गरमच कोंडले, मग ते घामाघूम होणारच.

पुढच्या रविवारी मी आधी पालक परतून घट्ट पिळला. टोमॅटोला रजा दिली. कांदा आणि ढोबळी मिरची कोरडी होईपर्यंत परतली. कप भाजून झाल्यावर साच्यातून काढले, जाळीवर पंख्याखाली पूर्ण निवू दिले आणि मगच एकेक कागदात गुंडाळला. पहिल्या दोन-तीन दिवसांचे फ्रीजमध्ये खाली, बाकीचे वर बर्फाच्या कप्प्यात. कुठला कुणाचा ते कळायला हवं. कापलेल्या गठ्ठ्यांना आम्ही चिठ्ठ्या बांधतो, म्हणजे एका थराची बाही दुसऱ्या थराच्या शर्टाला लागत नाही. फ्रीजमध्ये कागदाची चिठ्ठी ओली होते, म्हणून मी कारखान्यातून कापडाच्या चिंध्या आणल्या. नवऱ्याच्या कपात हिरवी मिरची, त्याला निळी चिंधी. पोरांच्यात नुसतं चीज, त्यांना पिवळी. सासूबाईंच्यात बारीक चिरलेली कोथिंबीर, मऊ, त्यांना पांढरी.

“माझ्यासाठी कशाला केलंस?” सासूबाई म्हणाल्या. “मी नुसता चहा घेईन.”

सोमवारी अंधारात मी घराबाहेर पडले. दिवसभर टेबल माझं होतं. मास्तर बाजूला स्टुलावर बसून नुसतं बघत होते, आणि एकदाही उठले नाहीत. संध्याकाळी घरी आले तर थोरली मुलगी दारातच म्हणाली, “आई, मी माझं आणि ह्याचं गरम केलं. चांगले होते.” धाकटा म्हणाला, दोन पाहिजेत. सासूबाई म्हणाल्या, “दात हलतोय ना, मऊ लागतं म्हणून घेतला एक.” पांढऱ्या चिंध्या दोन सुटलेल्या होत्या.

नवरा मात्र सोफ्यावर पोट धरून बसला होता.

“काय खाल्लंस सकाळी?”

“काही नाही. मला शिळं जात नाही, तुला माहितीय.”

निळ्या चिंधीचे कप जसेच्या तसे रांगेत बसले होते. मंगळवारीही तसेच. बुधवारी तो म्हणाला, “आज टपावर चढताना घेरी आली. डोळ्यांपुढे अंधारी.” हे त्याने हळू आवाजात, भिंतीकडे बघत सांगितलं. तो टप मी एकदा पाहिलाय. खाली बघितलं की तळ दिसत नाही. मी म्हटलं, बाहेर काहीतरी घेऊन खा. तो म्हणाला, सकाळी घरचं मिळालं नाही की दिवसभर खावंसंच वाटत नाही.

गुरुवारी टेबलावर मशीन चालवताना माझ्या डोळ्यांसमोर ती अंधारी खोल जागा होती. पातं बोटाच्या अगदी जवळून गेलं. मास्तर स्टुलावरून उठले, मशीन बंद केलं आणि म्हणाले, “बाई, घरी काय झालंय?” मी म्हटलं, काही नाही. त्या रात्री मी मनाशी ठरवलं की सोमवारी नाही म्हणून सांगायचं. टेबल काय, दुसऱ्याला मिळेल. नवरा दुसरा कुठून आणू. असं ठरवलं आणि उशीत तोंड खुपसून रडले, रागाने.

त्यात आणखी एक कटकट निघाली. थोरली म्हणाली, “आई, पिवळे संपत आलेत.” असं होणंच शक्य नव्हतं, मी दोन जास्तीचे धरून केले होते. मी पोरांना दम भरला, रात्री उठून खाता का म्हणून. धाकटा रडकुंडीला आला. थोरली ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “आम्ही एकेकच खातो. आजीला विचार.” तिचा तो आवाज ऐकून मला माझाच आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं, म्हणून तिथेच थांबले.

शनिवारी पाळी करून आले आणि आठवड्याचे कपडे धुवायला काढले. नवऱ्याच्या कामाच्या पॅंटचे खिसे मी नेहमी तपासते, त्यात स्क्रू असतात, मशीन खराब होतं. खिशात हात घातला तर स्क्रूबरोबर काहीतरी मऊ लागलं. बाहेर काढलं. पिवळ्या चिंध्या. एक नाही, मूठभर. कडा माझ्याच कात्रीच्या, नागमोडी.

मी तिथे मोरीत कपड्यांच्या ढिगावर बसले. आधी हसू आलं. मग ती खोल जागा आठवली, आणि पातं आठवलं, आणि हसू गेलं.

संध्याकाळी सगळे टेबलाभोवती असताना मी चिंध्या एकेक करून त्याच्यासमोर मांडल्या. पोरं बघत राहिली.

“घेरी येत होती ना?” मी विचारलं. “पोरांचं खाऊन?”

त्याने आईकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघतोस,” सासूबाई म्हणाल्या. “मी तर उंदीर समजत होते.”

“निळे खाल्ले असते तर तुला लगेच कळलं असतं,” तो म्हणाला.

“कळलं असतं तर काय झालं असतं?”

“तू कायमची पहिल्या पाळीला गेली असतीस.” तो चिंध्या बोटाने सरकवत होता. “सकाळी उठलो की तू समोर असतेस. या सोमवारी नव्हतीस. मला नाही आवडलं. एवढंच.”

ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत त्याने असं कधी म्हटलं नव्हतं. पण राग त्याहून मोठा होता आणि मी तो गिळला नाही.

“हे सोमवारीच म्हणायचं होतंस,” मी म्हटलं. “आपण बोललो असतो. तू काय केलंस? मला घाबरवलंस. तू पडशील म्हणून मी स्वतःचं बोट कापून घेणार होते. टेबल सोडणार होते मी, तुझ्या खोट्या भुकेसाठी. आणि पोरांना चोर म्हणाले ते वेगळंच.”

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

“चुकलंच.”

मी तिथेच सगळ्यांसमोर फोन उचलला आणि मॅनेजरबाईंना सांगितलं की सोमवारपर्यंत थांबायची गरज नाही, टेबल मी घेतलं. त्या म्हणाल्या, घरी विचारलंत का? मी म्हटलं, विचारायचं काय, सांगितलंय. फोन ठेवला तेव्हा धाकट्याने टाळ्या वाजवल्या. त्याला काय कळलं होतं देव जाणे.

रविवारी मी नवऱ्यासमोर अंड्यांचा ट्रे ठेवला. “फोड,” म्हटलं. पहिल्या वाटीत नेहमीप्रमाणे टरफलं. मी काढून दिली नाहीत. त्यानेच चमच्याने एकेक शोधून काढली, लिफ्टच्या मोटरीतला दोष शोधावा तशी. ट्रे संपेपर्यंत हात बसला. थोरलीने पालक पिळला. कप भाजले, निवले, आणि मी चिंध्या बांधायला बसले. निळी, पिवळी, पिवळी, पांढरी.

सासूबाई समोर बसून बघत होत्या. बराच वेळ बघितल्यावर म्हणाल्या, “तुझी कुठली?”

“माझी कसली?”

“चिंधी. सगळ्यांच्या आहेत. तुझी दिसत नाही.”

“मी काय, कारखान्यात चहाबरोबर काहीतरी घेईन. नाहीतर जाता जाता उभ्याउभ्या…”

“मी जन्मभर उभ्याउभ्याच खाल्लं,” सासूबाई म्हणाल्या. “सगळ्यांचं झालं की, ओट्याशी, उरलेलं. कुणी विचारलं नाही, मीही मागितलं नाही. तू एवढी भांडलीस. नवऱ्याला अंडी फोडायला बसवलंस. आणि शेवटी माझ्यासारखंच उभ्याने खाणार असशील तर भांडलीस कशाला?”

सगळ्या घराचा हिशोब लावला होता मी, थरावर थर, आणि त्यात मीच नव्हते. टेबल मागायला मला लाज वाटली नव्हती. एक अंडं मागायचं सुचलंही नव्हतं.

सासूबाईंनी पिशवी ओढली, आतल्या चिंध्या उलथ्यापालथ्या केल्या आणि एक लालभडक तुकडा काढून माझ्यापुढे टाकला. “ही घे,” म्हणाल्या. “लांबून दिसते.” मी कात्री घेतली आणि त्या तुकड्याच्या पट्ट्या कापल्या. नवरा ओव्हन पुन्हा तापवायला उठला.

सोमवारी अंधारात मी लाल चिंधी सोडली, कप गरम केला, खुर्ची ओढली आणि बसून खाल्ला. घर झोपलेलं होतं. पाळीच्या भोंग्याला अजून वेळ होता. नसता, तरी मी बसूनच खाल्ला असता.