कॅमेऱ्याच्या बाहेर

आईने चष्मा पुसून नाकावर चढवला, चेहरा हसरा केला आणि ‘नमस्कार’ म्हणायला तोंड उघडलं, तोवर पडद्यावरचा मुलगा गेलाही. त्याच्या जागी दुसरा आला. समोर म्हातारी बाई बघून तो ‘अरे देवा’ असं काहीतरी पुटपुटला आणि तोही पसार झाला.

“घाईत दिसतात सगळे,” आई म्हणाली.

बेबी शेजारच्या खुर्चीत अंग चोरून, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने बसली होती. चाळिशी उलटली तरी आईसाठी ती बेबीच. तिचं कामच हे होतं. अनोळखी माणसांची व्हिडिओवर गाठ घालून देणाऱ्या साइट्स वापरून बघायच्या आणि कशा आहेत ते लिहायचं. चित्र नीट दिसतं का, माणसं सभ्य आहेत का, खरी किती नि नकली किती, तक्रार केली तर कुणी दाद देतं का. नातेवाईक म्हणायचे, बरं आहे बाई तुझं, गप्पा मारायचा पगार मिळतो. मिळायचा खरा. पण दिवसभर परक्यांना तेच तेच विचारून ती इतकी विटायची, की खोलीबाहेर आल्यावर घरच्या माणसाशी चार शब्द बोलणंही जिवावर यायचं.

या वेळी संपादकांनी नवीच टूम काढली होती. वयस्कर माणसांना तिथे कसं वागवतात तेही लिहा, म्हणाले. ऑफिसात म्हातारं कुणी नव्हतं. बेबीच्या घरी होतं.

वडील गेल्यावर तिने आईचं घर बंद केलं, शिवणयंत्र शेजारणीला देऊन टाकलं आणि आईला इकडे आणलं. भावाचा फोन आला की ती सांगायची, मस्त रुळलीय, काळजी करू नकोस. तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. ठेवावाच लागत होता, कारण आई रुळली नसेल तर पुढे काय करायचं, याचा विचार करायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

कॅमेऱ्यासमोर बसवताना तिने आईला बजावलं होतं. खरं काही सांगायचं नाही. नाव, गाव, घरात कोण कोण, काहीही ठोकून द्यायचं. आई म्हणाली होती, देते की, जन्मभर खरं बोलून तरी कुठे दिवे लावले मी.

पण ठोकायला कुणी थांबेल तर ना. एकाने जीभ काढून दाखवली. एकाच्या खोलीतलं नुसतं छत दिसत राहिलं. एका मुलीने, आजी तुम्ही कशाला आलात इथे, असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती निघून गेली. आई प्रत्येक वेळी चेहरा पुन्हा हसरा करत होती. बेबीला ते बघवेना. आता पुरे करावं, काय ते मनानेच लिहावं, असं तिच्या मनात आलं, तेवढ्यात एक जण थांबला.

कानाला हेडफोन, डोळ्यांखाली काळं, मागे कोरी भिंत. त्याने अदबीने आईची चौकशी केली. चित्र स्पष्ट दिसतंय का, आवाज येतोय का, इथे पहिल्यांदाच आलात का. तिसऱ्या प्रश्नाला बेबीने ओळखलं. हा आपल्यातलाच. कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीसाठी हीच साइट तपासतोय, प्रश्न तेच, क्रमही तोच. मान खाली घालून टिपून घेण्याची तऱ्हासुद्धा तीच. तिला हसू आलं, आईची कीवही आली. आई बिचारी खुलली होती.

“दिवस कसा जातो तुमचा?” त्याने विचारलं.

“जात नाही,” आई म्हणाली.

“छान. वेळ कसा घालवता?”

बेबीने तोंडावर हात धरला. तीही असंच छान म्हणायची, समोरचा काहीही बोलला तरी.

आई सांगत राहिली. मुलीकडे राहते, म्हणाली. मुलगी दिवसभर दार लावून काम करते. आवाज नको म्हणून नळसुद्धा बारीक सोडते मी. संध्याकाळी ती बाहेर येते तेव्हा तिचा चेहरा इतका उतरलेला असतो, की काही विचारायचा धीर होत नाही. वा, बेबीला वाटलं, काय झकास ठोकतेय. माझ्या घरी शिवण शिकायला मुली यायच्या, आई म्हणाली, सुईत दोरा ओवतानाही त्यांची तोंडं बंद नसायची. आता इथे इस्त्री केलेले कपडे पुन्हा इस्त्री करते.

बेबीने तोंडावरचा हात खाली घेतला. आई आल्यापासून कपाट कसं लख्ख असतं, हे ती मैत्रिणींना कौतुकाने सांगत आली होती.

“पुन्हा याल का इथे?” त्याचा शेवटचा प्रश्न.

“मला माझ्या घरी जायचंय.”

“छान. धन्यवाद,” तो म्हणाला आणि गेला.

बेबीने खुर्ची आईकडे वळवली. मग ती म्हणाली, “आई, तो कामावर होता. माझ्यासारखाच. तुझ्या बोलण्याकडे लक्षही नव्हतं त्याचं.”

“माहितेय. रोज दाराआडून ऐकते ना मी. तू पण हेच विचारतेस लोकांना.”

“मग त्याला कशाला सांगत बसलीस एवढं?”

आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“त्याला कुठे सांगत होते? तू बसली होतीस ना शेजारी.”

पडद्यावर पुढचा कुणीतरी येऊन हॅलो, हॅलो करत होता. त्याला रिकाम्या भिंतीकडे बघणारी एक म्हातारी दिसत होती आणि कडेने आत येऊन तिच्या गुडघ्यावर टेकलेला एक हात. त्याने जरा वाट पाहिली, मग तोही गेला.