नांगर सरकला

अब्दुस्समद तांडेलाला समुद्रातलं सगळं कळतं, असं अब्दुस्समद तांडेल स्वतः सांगायचा. दुसऱ्या कुणी सांगितलेलं त्याच्या बायकोने, खतिजाने, उभ्या संसारात ऐकलं नव्हतं. रेवदंड्याच्या धक्क्यावर कमरेवर हात ठेवून तो उभा राहिला की त्याच्या जिभेतून कुणी सुटायचं नाही. आगबोट म्हणजे धूर ओकणारी पेटी, कोळी म्हणजे पाण्यातले बेडूक, मुंबईचे खलाशी म्हणजे पगारी माकडं. आणि जमिनीवर राहणारी उरलेली दुनिया म्हणजे माळी. हा शेवटचा शब्द त्याने खास खतिजाच्या माहेरासाठी राखून ठेवला होता.

तिचं माहेर किहीमचं. भाऊ वहाब, त्याची माडांची वाडी, वाडीमागे भाताची खाचरं. वहाब मचव्यात, म्हणजे तांडेल हाकायचा त्या शिडाच्या होडीत, बसला की ओकायचा, हे खरंच होतं. पण माणूस ओकतो म्हणून त्याच्या तोंडून निघणारं सगळंच ओकारी असतं का? तांडेलाला तसं वाटायचं. वहाबने तोंड उघडलं की हा अर्ध्यातच हात उडवायचा.

आणि त्याच्या उलट जलील. जलील तांडेलाच्या बहिणीचा मुलगा, मचव्यावर खलाशी. केसांना चपचपीत तेल, गळ्यात रुमाल, आणि जिभेवर तीन शब्द: "बराबर हाय, मामू." मामूने दिवसाला रात्र म्हटलं की हा दिवा शोधायला लागायचा. असल्या माणसाला खतिजाने घरात झाडू मारायलाही ठेवलं नसतं. पण तांडेलाने आपली एकुलती एक पोर जहुरा त्याला द्यायचं मनात पक्कं केलं होतं, आणि येत्या जुम्म्याला नमाजानंतर निकाहाची तारीख धरायला जलीलचा बाप चौलला त्यांच्या घरी यायचा होता.

जहुराने रडून बघितलं, दोन दिवस जेवण सोडून बघितलं. शेवटी ती आईला म्हणाली होती की मारणारा नवरा एक वेळ चालेल, पण हा अब्बाचाच आवाज काढतो, मग मी सासरी जाऊन काय मिळवलं? खतिजाने मग नवऱ्यापाशी आपल्या भाच्याचं, किहीमचं स्थळ काढलं. वहाबचा मुलगा इस्हाक काही शहजादा नव्हता. बोलायला लागला की माडाला लागणाऱ्या भुंग्यापासून सुरू करायचा आणि भुंग्यापाशीच संपवायचा. पण समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून मग तोंड उघडायचा. खतिजाच्या लेखी हा गुण सोन्याच्या तोळ्याएवढा होता, कारण तिने तो आपल्या घरात कधी पाहिला नव्हता.

तांडेलाने हे ऐकलं आणि घरात न बोलता थेट धक्क्यावर जाऊन बोलला. चार मचव्यांची माणसं गोळा झाली होती, भिकू कोळी होता, मशिदीचे मुअज्जिन होते. छाती पुढे काढून तो सगळ्यांदेखत म्हणाला, "वहाबचा नांगर चिखलात, माझा समुद्रात. ज्या दिवशी अब्दुस्समदचा नांगर सरकेल, त्या दिवशी माझी पोर नांगरवाल्याच्या घरात देईन. ही माझी जबान हाय."

लोक हसले. हसणारच, कारण त्याचा नांगर खरंच कधी सरकला नव्हता. बाकी काही असो, त्याच्या बापाने त्याला एकेका बंदराच्या खुणा पाठ करून दिल्या होत्या, आणि त्या खुणांवरच त्याची सारी मिजास उभी होती. जमिनीवरच्या दोन वस्तू एका रेषेत आल्या की नांगर सोडायचा, खाली घट्ट चिखल असणारच. किहीमची खूण म्हणजे वहाबच्या वाडीतला सगळ्यांत उंच माड आणि मागच्या डोंगरातली खाच. माड खाचेत बसला की नांगर सोडायचा. दहा हात इकडेतिकडे झालं तर खाली खडकाची फरशी. ज्या मेहुण्याला तो माळी म्हणायचा, त्याच्याच झाडावर याचं बंदर टांगलेलं होतं, पण हे त्याच्या ध्यानात आणून देणार कोण?

तर तो माड गेल्या पावसाळ्यात वीज पडून जळाला. ईदेला वहाब चौलला आला तेव्हा मुद्दाम हेच सांगायला बसला होता. "दाजी, तो आपला उंच माड," एवढं त्याने म्हटलं. तांडेल म्हणाला की झाडांच्या गोष्टी माळ्यांना सांग, मला शेवया खाऊ दे. वहाबने मान खाली घालून शेवया खाल्ल्या. जाताना मोरीपाशी बहिणीला सांगून गेला: माड गेला, त्याचं खोड ओढ्यावर साकव म्हणून टाकलंय, आणि आता रांगेतला दक्षिणेकडचा दुसराच माड उंच दिसतो, दाजींना सांग. खतिजाने तीनदा सांगायचा प्रयत्न केला. एकदा तांडेल घोरत होता, एकदा भांडत होता, आणि एकदा म्हणाला की माहेरचं नाव काढलंस तर ताट फेकीन. मग तिनेही नाद सोडला. मिठाच्या सत्याग्रहानंतरचं ते वर्ष, गावोगाव लोक सरकारचं ऐकेनासे झाले होते, पण अब्दुस्समद तांडेल तर कधीच कुणाचं ऐकत नव्हता.

थंडीत, जलीलचा बाप यायच्या आधीच, वहाबच्या मुलीचं लग्न निघालं. जायला हवंच होतं. तांडेलाने तोंड वाकडं केलं, पण मचवा काढला, कारण बैलगाडीत बसून माळ्याच्या दारात उतरणं त्याच्या शानीत बसत नव्हतं. पहाटे मतलई वाऱ्यावर, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या गार वाऱ्यावर, त्यांनी रेवदंडा सोडलं. सुकाणूवर तांडेल, शिडाच्या दोराशी जलील, पुढे नाळेवर, म्हणजे होडीच्या टोकाला, नांगर सोडायला भिकू, आणि मध्ये चटईवर खतिजा आणि जहुरा, शेजारी मिठाईची टोपली. अलिबागचा किल्ला मागे पडला, खांदेरी-उंदेरी डाव्या हाताला गेली. सगळी वाट तांडेल बोलत होता. समोरून मुंबईची आगबोट गेली, तेव्हा तो पाण्यात थुंकला. जलीलही थुंकला. वारा कुठला आहे हे न बघता थुंकला, त्यामुळे ते त्याच्याच रुमालावर आलं. जहुराने पदरात तोंड लपवलं.

किहीम दिसू लागलं तशी खतिजा वाडी शोधू लागली. वाडीची रांग तिला लांबूनच कळली. उत्तरेच्या टोकाला, जिथे तो माड आभाळात घुसलेला असायचा, तिथे नुसतं आभाळ होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो डोळे बारीक करून, मान वाकडी करून बघत होता. गेल्या दोन वर्षांत तो असाच बघायचा. सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण डोळे गेलेत हे कबूल करायला जीभ लागते, आणि ती जीभ त्याच्या तोंडात नव्हती.

"हा आला माझा माड," तो म्हणाला.

"बराबर हाय, मामू," जलील म्हणाला. त्याचे डोळे चांगले तरणे होते, पण तो माडाकडे बघतच नव्हता, मामूकडे बघत होता.

खतिजा उठून गुडघ्यांवर बसली. कितीही झालं तरी मचवा घरचा होता. "जहुराच्या अब्बा," ती म्हणाली, "तो माड नव्हे, तो माड तर..."

"गप!" तांडेल ओरडला. "नांगर सोडताना बाई बोलली तर नांगर धरत न्हाय. किती वेळा सांगायचं?"

हा त्याच्या आज्याचा नियम. नाळेवर माणूस नांगर हातात घेऊन उभा राहिला, की नांगर पडून दोर बांधून होईपर्यंत बाईमाणसाने तोंड उघडायचं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मचव्यात बसली तेव्हा खतिजाने भोळेपणाने "जपून" म्हटलं होतं, आणि त्यावरून आठ दिवस बोलणी खाल्ली होती. तेव्हापासून तिने नियम मोडला नव्हता. आजही मोडला नाही. तिने पदर डोक्यावर सारखा केला आणि तोंड मिटलं.

आता खरं सांगायचं तर ती घाबरली होती. पण समोरची खडकाची फरशी तिला घरच्या ओट्याइतकी ओळखीची होती. लहानपणी ओहोटीला तिने त्याच खडकावरची कालवं फोडली होती, पाणी छातीवर कधी गेलं नव्हतं. जीव कुणाचा जाणार नाही. जाईल ती नवऱ्याची मिजास, आणि कदाचित सुकाणू. आणि दुसऱ्या पारड्यात जहुरा होती. तिने मुलीचा हात घट्ट धरला आणि मनात अल्लाला म्हणाली की मी सांगायला गेले होते, तूच ऐकलंस, त्याने नाही ऐकलं.

माड खाचेत बसला. चुकीचा माड, पण बसला. तांडेलाने हुकूम दिला, भिकूने नांगर सोडला. दोर थोडा सुटला आणि ढिला पडला. भिकूने दोर हाताने चाचपला, मागे वळून तांडेलाकडे पाहिलं आणि काही बोलायच्या बेतात आला. तांडेल म्हणाला, बेडका, बांध. भिकूने बांधला. त्यालाही घरी पोरंबाळं होती, रोज उठून शिव्या खायचा शौक नव्हता.

मग तांडेलाने भाकरीचं फडकं सोडलं. माळ्याच्या दारात भुकेलं जायचं नाही, हाही त्याचा एक नियम. दुपार कलली तसा खारा वारा उठला आणि थेट किनाऱ्याकडे वाहू लागला. वाडीतला मांडव दिसू लागला. मग मांडवाखालची माणसं दिसू लागली. मग त्यांच्या टोप्यांचे रंग.

जलीललासुद्धा हे जाणवलं. किनारा जवळ आल्यासारखा वाटतो, असं तो चाचरत म्हणाला. तांडेल घास चावत म्हणाला की ओहोटी लागली की किनारा जवळच दिसतो, गाढवा.

"बराबर हाय, मामू."

खतिजाने समोर बघत एक खजूर तोंडात टाकला. इतक्यात खालून धाड् करून दणका बसला. भाकरी उडाली, मिठाईची टोपली लवंडली, सुकाणू कडकन मोडलं आणि मचवा एका कुशीवर रेलून खडकावर बसला. जलीलने पहिली किंकाळी मारली. जहुरा आईच्या गळ्याला पडली. आणि तांडेल मोडक्या सुकाणूचा दांडा हातात धरून असा उभा राहिला, जणू कुणी भर बाजारात त्याचं पागोटं उडवलंय.

मांडवातून वऱ्हाड धावत निघालं. वहाब पुढे, लुंगी खोचलेली, खांद्यावर माडावर चढायची शिडी. मागे इस्हाक. दोघं कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले आणि शिडी मचव्याला लावली. मी सांगितलं होतं, असं म्हणण्याचा वहाबला हक्क होता, पण त्याने नुसती शिडी घट्ट धरली. इस्हाकने आत्याला फक्त विचारलं की फुफू, कुणाला लागलं का, आणि उत्तर येईपर्यंत थांबला.

भिकूने नांगर ओढून वर घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा फळीवर ठेवला. दोर धडधाकट. नांगराच्या नख्यांना चिखलाचा कण नाही, नुसती कालवांची फुटकी शिंपली. वऱ्हाडात चौलची माणसं होती, धक्क्यावर ती जबान ऐकलेली माणसं होती. कुजबुज सुरू झाली. सरकला. अब्दुस्समदचा नांगर सरकला. कुणीतरी इस्हाककडे बोट केलं आणि जहुराने मान खाली घातली.

जलीलला तेव्हा कळलं की हातची बायको चालली. जन्मात पहिल्यांदा त्याने स्वतःचं डोकं चालवलं. तो शिडीच्या वरच्या पायरीवर चढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नांगर सरकला न्हाय. चिखल बघा, कुठं हाय? धरलाच न्हाय तो सरकणार कसा? मामूंनी जागाच चुकीची धरली. मामूंना माड दिसला न्हाय."

बोलला ते अगदी खरं होतं. एवढं शहाणपणाचं वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. जबान राहिली असती, निकाह राहिला असता, तांडेलाने नुसतं गप्प राहायला हवं होतं.

पण गप्प राहील तो अब्दुस्समद कसला? त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. डोळे गेले, खूण चुकली, म्हणजे तांडेलकी संपली. उद्यापासून धक्क्यावर कुत्रं विचारणार नाही. आणि हे सांगणार कोण, तर हे तेलकट पोर? नांगर सरकतो तो वाऱ्याने, समुद्राने, अल्लाच्या मर्जीने. खूण चुकते ती आंधळ्या म्हाताऱ्याची.

"कुणाची जागा चुकली?" तो गरजला. "अब्दुस्समदची जागा बापजन्मात चुकली न्हाय! जागा तीच, माड तोच. नांगर सरकला! कान उघडे ठेवून ऐका, माझा नांगर सरकला!"

जलीलने तोंड उघडलं. सवयीने "बराबर हाय" म्हणायला गेला आणि पहिल्या शब्दावरच अडकला. तांडेल अजून हात उगारून उभा होता. आपण काय बोललो हे त्याला जरा उशिरा समजलं, आणि समजलं तसा हात हळूहळू खाली आला.

खतिजा शिडी उतरून भावाच्या शेजारी पाण्यात उभी राहिली. तिने वर पाहिलं. नांगर फळीवर होता, दोर गुंडाळून बांधून झाला होता. म्हणजे आता बाईने बोलायला हरकत नव्हती.

"ऐकलं," ती म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलं. वहाब, काजी मांडवात बसलेच असतील ना?"