आडवी रेघ

“आबा, नुसतं गफ्फार टाकलं त अख्ख्या दुनियेतले गफ्फार येऊन राह्यले,” अनुपमा म्हणाली. “तुमचा कोन्ता, ते सांगा.”

“मापारी. डोणगावचा. आता मालेगावले असते.”

डोणगावच्या बसस्टँडमागं अनुपमाचं ऑनलाइन सेंटर. लोक तिथं सातबारा काढायला येत. महादेवराव माणूस शोधायला आले होते. तीस वर्षं त्यांनी आणि गफ्फारनं बाजारात समोरासमोर बसून धान्य मापलं. मग गफ्फार लेकासोबत मालेगावला गेला, पुढं फोनही लागेना. बायको गेल्यावर महादेवरावांना ‘म्हादू’ म्हणणारं जगात तेवढं एकच तोंड उरलं होतं.

पडद्यावर दोनतीनदा ‘निधन’ दिसलं. त्यांनी मान वळवली. “पह्यले हे मेलेले बाजूले काढ व.”

“काढता येते आबा. शब्दाच्या आंधी आडवी रेघ मारली, का तो शब्द जिथंजिथं आहे ते सारं गळून जाते.” तिनं ‘निधन’च्या आधी रेघ मारली.

“म्हन्जे चाळणीच!” आबा खूश झाले.

मग तिनं ‘गफ्फार मापारी’ला दोन्हीकडून अवतरणचिन्हं लावली. “हे कुंपन. आता दोन्ही शब्द जोडीनंच सापडतीन.” पुढं ‘डोणगाव’ लिहिलं. गर्दी विरत गेली, विरत गेली आणि पडदा कोरा झाला.

“काहीच नाही आबा.”

“बरं. पुढच्या बाजारी येतो.”

दर बाजारी ते येत. तेच कुंपण, तीच रेघ, तोच कोरा पडदा.

“आबा, आता तुमालेच माह्या खुर्चीवर बसवते.”

“बसव ना. पन चहा तुले आनावा लागीन.”

ते हसत आणि घरी जात. घरात एका माणसाचा स्वयंपाक, एका ताटाचा आवाज.

आबांना काय कळत नव्हतं? चाळून झाल्यावर खाली काय पडलं ते न बघता उठलेला मापारी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तरी दोन महिने ते तसेच उठले.

एका बाजारी, भर दुपारी, सेंटरात दुसरं कोणी नव्हतं.

“ती रेघ खोड, बाई.”

“काऊन आबा?”

“खोड.”

तिनं रेघ पुसली. पडद्यावर एकच ओळ उगवली. अनुपमाचा हात तिथंच थांबला.

“एक आलं, आबा.”

“एक नको म्हनू. पह्यल्या मापाले एक नसते म्हनत. मी ‘लाभ’ म्हनो, तो ‘बरकत’ म्हने.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “वाच आता.”

तिनं वाचलं. मूळचे डोणगावचे. अल्प आजारानं. तारीख दीड वर्षापूर्वीची होती.

 आबा बाकावर जरासे सरकले, शेजारी कुणाला तरी बसायला जागा करावी तसे.